काढा पातळ करा, ताई

"ताई, नमस्कार. आमचं घर अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात. घरात आबा (सासरे), जिजी (सासूबाई), हे, मी आणि सहा वर्षांची मुलगी. थंडी लागली की आमच्याकडे दिवसाला दुधाच्या चहाची पाच-पाच आधणं चढतात. यंदा जिजींना शुगर निघाली, म्हणून चहा कमी करायचं ठरवलं आणि मोबाईलवर आलेली काढ्याची कृती धरली. अकरा जिन्नस: सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी, ज्येष्ठमध, गुळवेल, हळद, ओवा, तुळस, वेलची, गूळ. चौघांसाठी मिरपूड दोन चमचे, दालचिनीचे तीन मोठे तुकडे, ज्येष्ठमधाची पूड मोठा चमचाभर. पाणी निम्मं होईस्तोवर उकळायचं आणि उपाशीपोटी घ्यायचं. पंधरा दिवस झाले. यांना छातीत जळजळ होते, तोंड आलंय. मुलगी पातेलं दिसलं की पळते. आबांच्या पायांवर सूज दिसते. त्यांना बीपीची गोळी चालू आहे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ ठेवायचीही गोळी आहे. जिजी म्हणतात, उष्ण पडलं असेल, ताक दे. काढा बंद करू की प्रमाण चुकतंय? आणि गवती चहाचं रोप कुठून आणू? — एक सून"

ताई, बाकीचं सगळं नंतर. आधी आबा.

त्यांचा काढा आजपासून बंद. तुमच्या अकरा जिनसांत त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट जिन्नस कोणता, तर ज्येष्ठमध. चवीला गोड आणि घशाला गार, म्हणून त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. पण त्यात ग्लायसिरायझिन नावाचं द्रव्य असतं. ते रोज पोटात गेलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, बीपी चढतं, पायांवर सूज येते. बीपीच्या माणसाला रोज ज्येष्ठमध म्हणजे सकाळी गोळी द्यायची आणि तिचं काम बिघडवायची सोयही आपणच करायची.

सूज ज्येष्ठमधानंच आली, असं मात्र मी इथे बसून म्हणणार नाही. बीपीच्या काही गोळ्यांनीही घोट्यांवर सूज येते, हृदय किंवा मूत्रपिंड दमलं तरी येते. म्हणून ताकावर भागवू नका. उद्या त्यांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, बीपी मोजा, रक्तातलं पोटॅशियम तपासायचं का ते विचारा. सोबत ही अकरा नावं कागदावर लिहून न्या. 'घरगुतीच आहे, काय सांगायचं' म्हणून आपण काढ्याचं नाव डॉक्टरांपुढे काढत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना हळद, सुंठ, तुळस हे औषधाच्या मापानं रोज घेतलं, तर रक्तस्राव वाढायचा धोका असतो. आमटीतली हळद आणि चहातली तुळशीची दोन पानं यांची भीती नको. चमचे-चमचे पूड नको. त्यांची कुठलीही गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. आणि रात्री आडवं पडल्यावर दम लागायला लागला, तर उद्याचीसुद्धा वाट पाहू नका.

गुळवेलही काढून टाका, सगळ्यांसाठीच. कोरोनाच्या काळात, २०२०-२१ मध्ये, ती घरोघरी उकळली गेली. तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष पटला नाही, वाद झाला. माझं म्हणणं एवढंच, की ज्या वनस्पतीवरून जाणत्यांत वाद आहे, ती रोजच्या चहात कशाला? वैद्यानं नाडी बघून दिली तर गोष्ट वेगळी.

आता तुमच्या 'ह्यां'ची जळजळ. त्याचं गणित सोपं आहे. २०२० मध्ये आयुष मंत्रालयानं जो काढा सांगितला होता, त्यात तुळस ४ भाग, सुंठ २, दालचिनी २ आणि मिरी १ भाग. अशी ३ ग्रॅम पूड एका माणसाच्या दीडशे मिली पाण्यात. म्हणजे माणशी मिरी एक तृतीयांश ग्रॅम, चौघांची मिळून सव्वा-दीड ग्रॅम. तुमचे दोन चमचे म्हणजे चार-पाच ग्रॅम तरी होतात. सरकारी काढ्याच्या तिप्पट मिरी, तीही निम्म्या पाण्यात, तीही रिकाम्या पोटी. वर लवंग आणि दालचिनी आहेतच.

शिवाय हे पोट खानदेशी आहे, हे ती कृती लिहिणाऱ्याला कुठे माहीत? आपल्याकडे आदल्या रात्री शेवभाजीवर बोटभर तर्री असते. काळा मसाला, नंदुरबारची मिरची, ठेचा, लसूण. हे पोट आधीच 'उष्ण' खाऊन बसलेलं असतं. जिथे जेवण सौम्य असतं, तिथे सकाळी मिरीचा काढा चालून जात असेल. आपल्याकडे ती आगीत टाकलेली आणखी एक काडी. आठ दिवस यांना काढा देऊ नका, रात्रीचं तिखट कमी करा, जेवल्याबरोबर आडवं होऊ देऊ नका. तोंड दोन आठवड्यांत बरं झालं नाही तर दाखवा. तंबाखू किंवा गुटख्याची सवय असेल तर तेवढेही थांबू नका.

इतकं वाचून तुम्हाला वाटेल, की बाई काढ्याच्या विरोधात आहे. मुळीच नाही. माझ्या घरी सकाळचं पहिलं पातेलं गवती चहाचंच असतं. मी विरोधात आहे ती त्या 'निम्मं होईस्तोवर उकळा'च्या. माझ्या आजीला आम्ही मोठी माय म्हणायचो. सुनेनं दिलेला कप तिनं तोंडाला लावला आणि तो फार कडक झालेला असला, की ती कप खाली ठेवायची आणि विचारायची, "हाऊ चहा शे का औषद?" औषध असेल तर ते कुणासाठी, कशासाठी, किती दिवस, हे ठरलेलं असलं पाहिजे. चहा असेल तर तो घरातल्या कुणालाही, रोज, भीती न बाळगता पिता आला पाहिजे. तुम्ही चहाच्या नावानं औषध पाजत होतात, तेही पाचही जणांना एकच.

आयुर्वेदात हा फरक चांगला स्पष्ट आहे. शार्ङ्गधर संहितेत वनस्पती वापरायच्या पाच तऱ्हा दिल्या आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. क्वाथ म्हणजे आपला काढा, सोळापट पाण्यात उकळून आठवा भाग उरवायचा. फांट म्हणजे कढत पाणी वस्तूवर ओतून थोडा वेळ ठेवायचं आणि गाळून प्यायचं. रोजच्या पिण्याला आपल्याला लागतो तो फांटासारखा हलका प्रकार.

स्वयंपाकघरातही याचं कारण नाकाला कळतं. गवती चहा उकळताना सगळं घर घमघमतं ना? तो घमघमाट म्हणजे पानातलं तेल पातेल्यातून उडून चाललेलं असतं. घराला वास आला तेवढा कपातून गेला. दहा मिनिटं उकळलेल्या तुळशीचं तेच. म्हणून ओबडधोबड नियम असा: साल, मूळ आणि दाणा उकळायचा, पान झाकून मुरवायचं.

चार कपांना साडेचार कप पाणी ठेवा. अंगठ्याच्या पेराएवढं आलं, सालासकट धुऊन, खलबत्त्यात एकदाच ठेचून घाला. लगदा नको, फुटलं पाहिजे. पाच-सात मिनिटं मंद उकळू द्या. तोवर गवती चहाची चार पाती घ्या. पात्याची कड ब्लेडसारखी असते, ओढून तोडाल तर बोट कापेल. कात्रीनं कापा, धुवा आणि चारही पाती एकत्र धरून त्यांची गाठ मारा. गाठ मारताना पातं जागोजागी मोडतं, वास तिथून सुटतो. काढतानाही चमच्यानं एकच गाठ उचलायची, गाळणीत गवत अडकत नाही. गॅस बंद करा, ही गाठ आणि तुळशीची सहा-सात पानं पातेल्यात टाका आणि वर ताटली झाका. सात मिनिटं हात लावू नका. मग ताटली उचला. आतल्या बाजूला जे थेंब जमलेत ते झटकून न टाकता पातेल्यातच पाडा, वास त्या थेंबांत असतो. गाळा, वरून लिंबाचे चार-पाच थेंब. बस. रंग फिकट पिवळसर येईल आणि पहिल्या दिवशी घरात कुणीतरी म्हणेलच, 'हे काय, नुसतं पाणी?' म्हणू द्या. चौथ्या दिवशी जिभेला चव सापडते.

मिरी घालायचीच असेल तर चौघांत दोन दाणे, फोडून. लवंग एक. दालचिनी बोटाच्या एका पेराएवढी, तीही रोज नको. बाजारात जी जाड, खडबडीत सालीची दालचिनी मिळते, ती बहुतेक कॅसिया असते. तिच्यात कौमारिन जास्त असतं आणि रोज मोठ्या प्रमाणात घेतलं तर ते यकृताला त्रास देऊ शकतं. सिलोनची पातळ, कागदाच्या गुंडाळीसारखी दालचिनी त्या मानानं सौम्य, पण महाग.

सुंठ आणि आलं एकच समजू नका. आलं वाळताना त्यातल्या तिखट द्रव्याचं रूप बदलतं आणि ते आणखी जहाल होतं. पेरभर आल्याच्या जागी सुंठेची चिमूटभर पूड पुरते, चमचा नव्हे.

दुधाच्या चहात आलं घालतानाही एक लक्षात ठेवा. कच्चं आलं थेट दुधात टाकलं तर दूध फाटू शकतं, कारण आल्यात दुधाची प्रथिनं तोडणारं द्रव्य असतं. मी नवी नवरी असताना नणंदेला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर माझं अख्खं पातेलं फाटलं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त पातेल्याकडे बघितलं. आलं आधी पाण्यात खळखळून उकळू द्या, मग दूध घाला. गुळाचंही तसंच: गॅसवर उकळत्या दुधात गूळ गेला की फाटायचा धोका, म्हणून खाली उतरवून घाला. आणि लिंबू पिळायचं असेल तर कल्हई गेलेलं पितळेचं पातेलं नको, स्टीलचंच घ्या.

जिजींच्या शुगरबद्दल. चहा कमी करायचं तुमचं ठरलं ते बरोबर, पण गुळाचा काढा हा त्यावरचा उपाय नाही. कपाला दोन चमचे साखर धरली तर पाच कपांत दहा चमचे, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर. गूळ घातला म्हणून ती शुगर रक्तात शिरायची थांबत नाही. साखरेला गूळ हा मोठा भाऊ आहे, वैद्य नाही. त्यांच्या कपात बडीशेप आणि वेलची घाला, दोन्ही साखरेशिवाय गोडसर वाटतात. आणि पहाटेचा पहिला दुधाचा चहा त्यांच्याकडून काढून घेऊ नका. चुलीजवळ शाल गुंडाळून बसून बशीतून ओढलेला तो कप म्हणजे त्यांचा दिवस सुरू झाल्याची खूण. त्यात साखर अर्धी करा. काढून घ्यायचे ते अकराचा आणि चारचा, 'कुणी आलं म्हणून' केलेला. त्या वेळी गवती चहा पुढे करा. एकदम सगळे कप बंद केले तर दोन-तीन दिवस डोकं धरतं, ते चहापत्तीतल्या कॅफिनची सवय सुटत असल्यानं. मग खापर गवती चहावर फुटेल. आठवड्याला एक कप, या चालीनं चला.

रात्रीसाठी वेगळं पातेलं. एक चमचा बडीशेप, अर्धा चमचा धने, सुंठेची चिमूट, तीन कप पाणी, पाच मिनिटं उकळी. यात चहापत्ती नाही, त्यामुळे झोप उडत नाही.

आणि भरिताच्या दिवसांसाठी ओवा. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी झाली, कळण्याच्या भाकरीबरोबर माणूस पोटाला विचारून जेवत नाही. ठेच्यासकट दोन वाढणं जास्तच होतं. वांगी भाजल्यावर काड्यांचा विस्तव उरतोच, त्यावर पाणी ठेवा, माणशी पाव चमचा ओवा आणि तेवढेच जिरे तळहातावर चोळून टाका, दोन उकळ्या येऊ द्या आणि कोमट करून घ्या. आमच्याकडे हा घोट घेतल्याशिवाय कुणी बैलगाडीत, म्हणजे आता पिकअपमध्ये, चढत नसे.

मुलीला गवती चहा अर्धा कप, आलं नावाला, थोडा गूळ. मिरी-लवंग तिला नको. पातेलं पाहून पळते म्हणजे तिची जीभ शाबूत आहे. शेजारीपाजारी तान्हं बाळ असेल तर वर्षाच्या आतल्या मुलाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका, काढ्यात तर नाहीच. मोठ्यांनीही मध घालायचा तर कप कोमट झाल्यावर.

खोकल्यासाठी म्हणून काढा करत असाल तर एक मर्यादा पाळा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास, कापूस वेचणाऱ्या बायांत, घराघरांत खोकला असतो. धूळ आणि रुई छातीत जाते. आपण त्याला 'थंडी बाधली' म्हणतो आणि महिनाभर आलं उकळतो. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर बेडका तपासायला द्या. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी मोफत होते.

खरेदीचं दोन ओळींत. मिरी आठवडे बाजारातून सुटी घेत असाल तर चार दाणे पेल्यातल्या पाण्यात टाका. खरी मिरी तळाला जाते, वाळवलेली पपईची बी तरंगते. आपला शहादा पपईसाठी प्रसिद्ध, पण ती पपई मिरीच्या भावानं नको. आणि सातपुड्यातलं म्हणून कुणी ओळख न पटणारं मूळ किंवा साल विकत असेल, तर भाव करण्याआधी नाव विचारा. विकणारी बाई जाणकार असते, आपण नसतो.

तुमची ती अकरा जिनसांची पूड बरणीत उरलीच असेल. ती जपून ठेवू नका. 'वाया कशाला घालवायची' म्हणत जिजी पुन्हा आबांना देतील. आणि मार्चनंतर आलं-सुंठही आटोपतं घ्या. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसाकडे निघाला, की सकाळी गरम गरम कप पुढे करणं हा पाहुण्यावर सूड आहे. तेव्हा रात्री भिजवलेल्या धने-जिऱ्याचं पाणी गाळून प्या. शार्ङ्गधरातला 'हिम' तो हाच.

राहिलं रोप. ते विकत आणायची गरज नाही. गावात कुणाच्या तरी मोरीमागे, सांडपाण्याच्या ओलीवर गवती चहाचं बेट माजलेलं असतंच. फक्त शेताच्या बांधावरचं किंवा डोंगरातलं वासाचं गवत उपटून आणू नका. आपल्याकडे रोशा गवत उगवतं, दिसायला त्याच कुळातलं. त्याचं तेल काढायच्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकात खानदेशात ठिकठिकाणी होत्या आणि ते तेल मुंबईला जायचं. फुलोरा कोवळा असताना त्याला मोतिया म्हणत, पिकून लाल झाला की सोफिया. ते अत्तर-साबणाचं गवत, कपात घालायचं नव्हे. ओळख सोपी: पातं चुरगाळा, लिंबाचा वास आला तर गवती चहा, गुलाबाच्या अंगानं गेला तर रोशा.

मागायला जाताना कात्री नेऊ नका, खुरपं न्या. तोडलेलं पातं रुजत नाही. बेटाच्या कडेचा एक ठोंब मुळांसकट सोडवून घ्या, वरची पाती वीतभर ठेवून छाटा आणि आपल्या मोरीच्या पाण्यावर लावा, पण साबणाचं पाणी थेट बुडाशी पडणार नाही असं. थंडीत फूट सावकाश येते. फेब्रुवारी सरेपर्यंत त्याला कापू नका, तोवर शेजारणीकडून रोज चार पाती मागून आणा.